थंड इंजिनाची टकटक

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आहे. मामंजींच्या गाडीची किल्ली त्यावर असायची. त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी ती काढून आपल्या खिशात टाकली. जेवताना कुणी त्याबद्दल बोललं नाही. मामंजींनी ताटाकडे बघत चार घास खाल्ले, पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाले, "खिळा राहू दे. सूनबाईला पिशवी अडकवायला होईल."

"बाबा, राग नका धरू," हे म्हणाले.

"राग कसला? डेपोतही हीच रीत. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या हातात चाक देत नाहीत."

एवढं बोलून ते उठले, आपलं ताट आपणच उचलून मोरीत ठेवलं आणि खोलीत जाऊन पडले. दार लावलं नाही. लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

झालं होतं ते असं. त्याच सकाळी फेरी मारून परत येताना त्यांनी गाडी थेट आमच्याच फाटकाच्या खांबावर घातली. पुढचा दिवा फुटला. आवाज ऐकून मी पिठाच्या हातांनीच धावले, तर मामंजी गाडीतून उतरले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "माफ करा हं ताई. कुणाचं घर हे?"

त्यांना धरून ओट्यावर बसवलं, चहा दिला. थोड्या वेळानं वारा लागला, चेहऱ्यावर रंग आला आणि म्हणाले, "साखर विसरलीस की काय?" म्हणजे पुन्हा आमचे मामंजी. पण त्याआधी काही दिवसांपूर्वी ते भर चौकात गाडी बंद करून बसले होते, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि त्यांना कुठे जायचंय तेच आठवेना. डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, "वय झालंय, लक्ष ठेवा," म्हणाले, आणि एक विचारलं होतं: "हे कधी होतं? घरात की बाहेर?" ह्यांनी सांगितलं, "कधीही होतं." कुणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही नीट आठवून बघितलं नव्हतं, इतकंच.

आता जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार होते. आवडली तर घेऊनच जाणार होते.

मामंजी बसच्या डेपोत मिस्त्री होते. हात सगळ्याच मिस्त्रींना असतात, पण मामंजींना कान होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्यात आहे." खोललं की तिसऱ्यातच निघायचं. घरीही तेच. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासरे बोलतील की नाही याची धास्ती होती. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "सूनबाई, कुकरची रबर गेलीय. शिट्टीच्या आधी सुस्कारा टाकतो तो." मिक्सरचं बुश, पंख्याचं बेअरिंग, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, सगळ्यांचं निदान ते खुर्चीत बसून करायचे. एकदा मी जिना चढून आले तर म्हणाले, "डावा गुडघा वाजतोय तुझा. तेल लाव." लावलं, आणि खरंच उतरलं.

अलीकडे मात्र टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. "हल्लीचे बातम्या देणारे तोंडात गोळी धरून बोलतात," असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो आणि आवाज वाढवून द्यायचो.

गाडी फिकट निळी. आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठी. भंगारात पडलेला सांगाडा आणून त्यांनी सुट्टीच्या दिवसांत एकेक तुकडा जोडत ती उभी केली. सासूबाई तिला "माझी धाकटी सवत" म्हणायच्या आणि त्या सवतीच्या आसनासाठी गादीही स्वतःच्या हातानं शिवून दिली होती. सासूबाई गेल्या. गादी अजून आहे, टाके तसेच्या तसे.

रोज पहाटे मामंजी शेड उघडायचे. दार सताड उघडं टाकायचे, कारण बंद जागेत इंजिन चालवणं म्हणजे काय, हे त्यांनी डेपोत बघितलेलं. मग गाडी सुरू करून, गारठ्यापायी काचा वर करून, तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत आत बसून राहायचे. "थंड गाडीत माणूस बसवायचा नाही," हा त्यांचा नेम. डेपोत पहिल्या बसला उतारू चढायच्या आधी इंजिन तापवून ठेवायचे ना, तीच शिस्त. आम्हांला कुणाला कधी त्यांनी थंड गाडीत पाय ठेवू दिला नाही. पाहुण्याला गार पाट देऊ नये, तसं.

गाडी तापली की त्यांच्या जुन्या सोबत्याला घ्यायला जायचे. ते डेपोतले कंडक्टर. नाव काहीही असो, सगळं गाव त्यांना कंडक्टरच म्हणतं. पुढची जागा रिकामी असली तरी कंडक्टर मागेच बसतात, दार लावतात आणि टपावर दोनदा ठोकतात. "डबल बेल, मिस्त्री!" त्याशिवाय गाडी हलत नाही. मग दोघं टेकडीच्या चढावरून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, तिथे जुनी मंडळी जमतात, चहा पितात, मेलेल्यांची उणीदुणी काढतात आणि परत. कंडक्टर चढ लागला की झोपायचे ते थेट घराशी उठायचे. "बायको घरी झोपू देत नाही," म्हणायचे. म्हातारा माणूस, डुलकी लागायचीच, असं धरून आम्ही सगळे चाललो होतो.

किल्ली काढून घेतल्यावरची पहिली पहाट. मी माझ्या नेहमीच्या जागी जपाला बसले. ही जागा म्हणजे घरातली सगळ्यांत लहान खोली. तिची एक भिंत आणि शेडची भिंत एकच. माळ हातात घेतली, डोळे मिटले, आणि जप काही लागेना. मणी पुढे सरकेना. कितीदा परत सुरुवात केली. देवा, आज काय चुकतंय, असं मनात म्हटलं तेव्हा लक्षात आलं की भिंतीपलीकडे काही वाजतच नाही.

चहा देताना मामंजींना सहज म्हटलं. त्यांचं मन दुसरीकडे वळावं, एवढाच हेतू. "आज माझा जप लांबला, मामंजी. तुमच्या गाडीची टकटक नव्हती ना. त्या टकटकीवरच मणी सरकायची सवय लागलीय मला."

मामंजींनी कप खाली ठेवला. "कसली टकटक?"

"इंजिनाची. सुरू केल्यावर येते ती."

"माझ्या गाडीला टकटक नाही."

"बरं," म्हणून मी वळले. वडीलधाऱ्यांशी इंजिनावरून वाद घालण्याइतकी मी शहाणी नाही.

"थांब," ते म्हणाले. आवाज डेपोतला होता, घरातला नव्हे. "चुलीवर झाकण थडथडतं तशी, की घड्याळासारखी?"

"घड्याळासारखी. पण घाईतल्या घड्याळासारखी. टक टक टक टक."

"शेवटपर्यंत?"

"छे. आधी जोरात, मग बारीक बारीक होत जाते. माझा जप संपत आला की ऐकूच येत नाही. ती थांबली की मी समजते, आता तुम्ही निघणार."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. मला वाटलं, गाडी थंड असताना कुडकुडत असेल."

मामंजी हसले नाहीत. उठले, चपला न घालताच शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. किल्ली नव्हती. चहा निवून गेला.

संध्याकाळी त्यांनी ह्यांच्याकडे किल्ली मागितली. ह्यांना वाटलं, सुरू झालं. "बाबा, ठरलंय ना आपलं?"

"चालवायची नाही मला. ऐकायची आहे."

"रविवारी गृहस्थ येतायत. काय ऐकायचं ते त्यांना ऐकू द्या."

मामंजींनी पुन्हा मागितली नाही. हट्ट करणं त्यांच्या स्वभावात नाही. तोच तर त्रास. मग मीच म्हटलं, "किल्ली मला द्या."

"तुला?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विमान मागितलं. "तुला गाडीतलं काय कळतं?"

"टकटक कळते."

"कसली टकटक? इतक्यांदा बसलोय मी त्या गाडीत, कधी ऐकली नाही."

"तुम्ही बसता ती तापलेली असते," मामंजी हळूच म्हणाले. "मीच तापवून ठेवतो."

हे म्हणाले, "सकाळी मी स्वतः सुरू करीन. मग झालं?"

सकाळी हे खांद्यावर टॉवेल टाकून, दात घासायच्या आधीच शेडमध्ये आले. मी दाराशी उभी. त्या शेडमध्ये मी आजवर डबा द्यायला तेवढी गेले होते. मामंजींनी एक रबरी नळी काढली, बागेला पाणी घालतो त्यातलाच हातभर तुकडा. एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावरून फिरवायचं. जिथे आवाज मोठा, तिथे दुखणं. ह्यांनी किल्ली फिरवली.

टक टक टक टक. भिंतीआडून मी ऐकत होते त्याच्या कितीतरी मोठी.

"अरे, खरंच की!" हे ओरडले. "बाबा, हे टॅपेट असेल!" टॅपेट म्हणजे इंजिनातला कसलासा दांडा, सैल झाला की वाजतो, हे मला नंतर कळलं.

मामंजींचं लक्ष नव्हतं. नळी कानाला लावून ते वाकले होते, दुसरं टोक इकडे, तिकडे, खाली. कान बदलला. पुन्हा फिरवली. मी त्यांचा चेहरा बघत होते. परीक्षेला बसलेल्या मुलाला प्रश्नच वाचता येऊ नये, तसा दिसत होता तो. त्यांनी नळी खाली केली आणि माझ्याकडे बघितलं.

"येतोय ना आवाज?"

"येतोय, मामंजी. चांगला मोठा."

ते तसेच उभे राहिले. इंजिन टकटकत होतं, गाडीत त्यांचा मुलगा बसलेला होता, आणि मला कळत होतं की आता ते जे बोलतील ते बोलायला त्यांना फार जड जाणार आहे. आयुष्यभर ज्याच्यावर नाव कमावलं तेच गेलं, हे कुणी आपल्या मुलासमोर कसं म्हणावं? मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे, विका गाडी.

"मला नाही येत," ते म्हणाले. मग थोडं मोठ्यानं, ह्यांनाही ऐकू जाईल असं: "माझे कान गेलेत. बारीक आवाज नाही पकडत. सूनबाई, तू ऐक."

नळी त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांनी आजवर माझ्या हातात चहाच्या रिकाम्या कपाशिवाय काही दिलं नव्हतं.

मी नळी कानाला लावली आणि दचकले. सगळं इंजिनच डोक्यात शिरलं. "सगळीकडेच वाजतंय!"

"घाई नको. जपाला बसतेस ना? बाकीचं असतंच, आपण फक्त एक धरायचं. तसं एकच धर."

टोक त्यांनी आपल्या हातात घेतलं आणि ते फिरवू लागले. मी डोळे मिटले. आवाज लांब, लांब, जरा जवळ, पुन्हा लांब. मग त्यांनी ह्यांना उतरवून मागे पाठवलं. "ओलं फडकं घे आणि सायलेन्सरच्या तोंडावर दाब. फार वेळ नको."

"कशाला?"

"टॅपेटला धुराशी देणंघेणं नाही. तोंड दाबल्यावर टकटक तेवढीच राहिली तर टॅपेट. वाढली तर धूर मधेच कुठून तरी वाट काढतोय."

ह्यांनी खांद्यावरचा टॉवेलच भिजवला आणि दाबला. माझ्या कानात टक टकची टाक टाक झाली. "वाढली!" मी ओरडले. "मामंजी, वाढली!"

"सोड, सोड," त्यांनी हाताने ह्यांना खूण केली. आणि नळी सरकवत सरकवत अगदी मागे, गाडीच्या आतल्या भागाला इंजिनापासून वेगळं करणाऱ्या पत्र्याजवळ, खालच्या बाजूला नेली. तिथे टकटक नव्हतीच; तिथे कुणीतरी माझ्या कानात फुंकर मारत होतं.

"इथे," मी म्हटलं.

"नक्की?"

"देवाशप्पथ इथे."

मग भांडी घासायचं साबणाचं पाणी माझ्याच स्वयंपाकघरातून आलं. मामंजींनी ते ब्रशानं त्या जागी लावलं. लावताच फेस फुर्रकन उडाला. ह्यांचा दाढीचा आरसा आणून खाली धरला, तर त्यात दिसलं: जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा फाटा जिथे इंजिनाला जोडतात, तिथे खालच्या अंगाला काजळाचं बोट ओढल्यासारखी काळी रेघ. वरून कितीही बघितलं असतं तरी दिसली नसती.

"सांध्यातलं पॅकिंग गेलं," मामंजी म्हणाले. "थंड असताना फट मोठी. तापलं की बीड फुगतं, फट बुजते, आवाज बंद. चढावर जोर लागला की पुन्हा उघडते. आणि मी येडा, रोज तापवून तापवून दुखणं झाकत होतो."

"एवढंच ना?" हे म्हणाले. "पॅकिंग बदलू."

पण मामंजी ऐकत नव्हते. ते गाडीत वाकून, चालकाच्या पायांपाशी, त्या पत्र्यावर बोटं फिरवत होते. तिथे एक केबल आत येते. तिच्याभोवतीचं रबर सुकून त्यांच्या बोटांत भुगा होऊन आलं. भोक उघडं होतं. आणि ते भोक त्या काळ्या रेघेच्या बरोबर समोर होतं.

ते स्टुलावर बसले. भुगा तळहातावर तसाच.

"आमच्या डेपोत एकजण खड्ड्यात उतरून काम करत होता," ते म्हणाले. "वर बस चालू. वर आला आणि मला विचारतो, मिस्त्री, आज वार कोणता? आम्ही हसलो. मग तो पडला. वाचला नशिबानं. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, धुरातला हा वायू आधी डोकं खातो. मी रोज दार उघडं ठेवत होतो, का, तर त्याच्यासाठी. आणि काचा वर करून त्याच्याच मांडीवर बसत होतो."

हे दाराला टेकून उभे होते. टॉवेल हातातच, काळा झालेला. मग ते म्हणाले, "बाबा, चौकात... आणि परवा फाटकाशी..."

"दोन्ही वेळा गाडीतच बसलो होतो."

"आणि घरात?"

हे ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं. मी आठवून बघितलं, यावेळी नीट. घरात मामंजी कधी काही विसरले नव्हते. उलट मी चष्मा कुठे ठेवला ते तेच सांगायचे.

"म्हणजे डोकं नाही गेलं," मामंजी म्हणाले. "कान गेले." आणि हसले. ते हसू कसलं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक वस्तू हरवली म्हणून शोधायला जावं, दुसरीच हरवलेली कळावी आणि पहिली पायाशीच सापडावी, तसं काहीतरी.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, "जुळतंय खरं," म्हणाले, पण लगेच निर्वाळा दिला नाही. वय आहेच, गाडी दुरुस्त झाल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवू, मग बघू, आणि कान आधी तपासू. मामंजींनी मुकाट्यानं मान हलवली. कानाच्या यंत्राला त्यांनी "माझा नवा स्क्रूड्रायव्हर" असं नाव ठेवलंय. ते घातल्यावर पहिल्या दिवशी मला म्हणाले, "गुडघा अजून वाजतोय तुझा. तेल बंद केलंस वाटतं."

कंडक्टरांना कळलं तेव्हा ते आमच्या ओट्यावर बसून हातवारे करत ओरडले, "म्हणजे मला झोप येत नव्हती, हा मला गॅस देत होता! माझी बायको म्हणत होती, तुमच्या डोक्यात धूर झालाय. मी तिच्याशी भांडलो!"

"तिचं नेहमीच बरोबर असतं," मामंजी म्हणाले.

रविवारी ते गृहस्थ आले. ह्यांनी त्यांना चहा पाजून, गाडी दाखवून, हात जोडून परत पाठवलं. "वडिलांची आहे," एवढंच म्हणाले. पॅकिंग मामंजींनी स्वतः कापलं, फाट्याचे नट ह्यांनी घट्ट केले. बापलेकांना एका पान्यावर इतका वेळ एकत्र मी पहिल्यांदाच बघितलं. भोकाला नवं रबर बसलं. फाटकाचा खांब अजून तसाच आहे. मामंजी म्हणतात, राहू दे, आठवण.

डॉक्टरांची परवानगी आली तेव्हा ह्यांनी किल्ली पुन्हा खिळ्यावर लावली. मामंजींनी ती काढून माझ्यापुढे धरली.

"मला कशाला?"

"रोज तू द्यायची. आधी गाडी थंड असताना ऐकायचं. यंत्र असलं तरी माझ्यावर माझा भरवसा नाही. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, घरी बसून टीव्ही बघीन. आणि आता काचा खाली, कितीही गारठा असो."

तेव्हापासून माझी पहाट अशी असते. मी माळ घेऊन बसते. पलीकडे शेडचं दार सरकतं, इंजिन सुरू होतं आणि मामंजी भिंतीवर बोटानं टकटक करतात, "सूनबाई, येतो का आवाज?"

मी श्वास रोखून ऐकते. इंजिन एकसारखं गुरगुरत असतं, पोट भरलेल्या मांजरासारखं. त्यात दुसरं काही नसतं.

"नाही, मामंजी."

"नक्की?"

"नक्की. या जाऊन."

मग फाटकाबाहेर कंडक्टर टपावर दोनदा ठोकतात. ते आता चालत इथवर येतात, कारण थंड गाडीत बसायची त्यांनाही हौस आहे. ते जागे असतात आणि टाकीपर्यंत अखंड बोलतात. परवा मामंजी मला म्हणाले, "पॅकिंग बदलायच्या आधी गाडी फार शांत होती."

मणी सरकवायला मला आता कसला ठेका नाही. माझा मीच धरते. थोडा लांबतो जप, लांबू दे.